मानेला झटका देण्यापूर्वी

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळत नाही. घास चावताना कानासमोर 'कट्' असा आवाज होतो आणि दुपारपर्यंत कानशिलात ठणका सुरू होतो. दंतवैद्य दात ठीक असल्याचे सांगतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना कानात काही सापडत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ एक्स-रे पाहून 'थोडे स्पॉन्डिलोसिस दिसते' एवढेच म्हणतात आणि गोळ्यांसोबत मानेचा पट्टा लिहून देतात. पट्टा आठवडाभरात खुंटीला लागतो. दुखणे मात्र हलत नाही. असे सहा-आठ महिने काढलेल्या माणसाला एके रात्री मोबाइलवर एक चित्रफीत दिसते. उपचार करणारा टेबलावर निजलेल्या रुग्णाची मान दोन्ही हातांत धरतो, क्षणभर थांबतो आणि झटक्यात वळवतो. कडकन् आवाज होतो. रुग्ण आधी दचकतो, मग त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. दुसऱ्या दिवशी 'आपल्या भागात कायरोप्रॅक्टर कोठे मिळेल' याची विचारणा सुरू होते.

या विचारणेत वावगे काही नाही. जुनाट दुखणे माणसाला किती पोखरते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. शिवाय मानेच्या दुखण्यावर हाताने करावयाच्या उपचारांचा उपयोग होतो, याला शास्त्रीय अभ्यासांचा आधारही आहे. प्रश्न आहे तो नेमका कोणता उपचार, कोणाच्या हातून आणि कोणत्या दुखण्यावर, एवढाच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा या देशांत त्याची उत्तरे देण्यासाठी कायदे, परवाने आणि परिषदा आहेत. आपल्याकडे ती जबाबदारी रुग्णाच्याच गळ्यात पडलेली आहे.

डेव्हनपोर्टमधील प्रारंभ

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या डेव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत असत. मूळचे ते कॅनडातले. त्याआधी त्यांनी शाळेत शिकवले होते, मधमाश्या पाळल्या होत्या आणि किराणा दुकानही चालवले होते. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी हार्वे लिलार्ड या इमारतीच्या देखभाल कामगाराच्या पाठीतील एक मणका दाबून 'जागेवर बसवला' आणि अनेक वर्षे बहिरा असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे पामर यांचे सांगणे. ऐकण्याचा मज्जातंतू कानापासून थेट मेंदूत जातो, पाठीच्या कण्यात तो उतरतच नाही. त्यामुळे ही हकीकत वैद्यकशास्त्राला पटणारी नव्हती. परंतु एका पाद्र्याने सुचवलेले 'हाताने केलेले काम' अशा अर्थाचे ग्रीक वळणाचे नाव या उपचाराला मिळाले आणि १८९७ मध्ये पामर यांनी त्याची शाळाही काढली.

आपल्याकडच्या हाडवैद्याला हाड सरकले, ते बसवले, एवढे पुरेसे असते. पामर यांनी मात्र त्यावर संपूर्ण सिद्धान्त उभारला. सरकलेला मणका मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा आणतो आणि शंभरातील पंचाण्णव रोगांचे मूळ तेथेच असते, असे ते म्हणत. या कल्पनेला 'सबलक्सेशन' असे नाव पडले. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर यांना तुरुंगवासही घडला. तरीही हा व्यवसाय वाढत गेला. १९१३ मध्ये कॅन्सास राज्याने त्याला प्रथम कायद्याची मान्यता दिली आणि १९७४ मध्ये लुइझियानाने दिल्यानंतर अमेरिकेतील सर्व राज्ये पूर्ण झाली. डॉक्टरांच्या संघटनेने घातलेल्या बहिष्काराविरुद्ध काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये न्यायालयात गेले. १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९९० मध्ये अपिलातही तो टिकला. अर्थात तो निकाल व्यवसायातील स्पर्धेविषयीचा होता. उपचार गुणकारी असल्याचा तो दाखला नव्हता.

आज या व्यवसायात दोन प्रवाह दिसतात. पामर यांचा सबलक्सेशनचा विचार शिरोधार्य मानणारे एका बाजूला आणि मान, पाठ, कंबर यांच्या दुखण्यापुरतेच काम मर्यादित ठेवून व्यायाम व सल्ल्याची जोड देणारे दुसऱ्या बाजूला. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने २०१० मध्येच स्पष्ट केले की, सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना असून ती रोगाचे कारण असल्याच्या दाव्याला शास्त्रीय पुरावा नाही. गंमत अशी, की अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी विमा योजना कायरोप्रॅक्टरला पैसे देते ती सबलक्सेशन दुरुस्त करण्यासाठी मणक्यांवर हाताने केलेल्या उपचाराचेच. एका देशात हा शब्द बिलावर आहे, दुसऱ्या देशात तो इतिहासात गेला आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील नातेवाइकांनी 'आमच्याकडे तर विम्यातून मिळते' असे सांगितले, तर त्याचा अर्थ एवढ्यापुरताच घ्यावा.

मानेचे दुखणे जबड्यात कसे?

मराठीत राग गिळणाऱ्या माणसाला आपण 'दातओठ खातो आहे' असे म्हणतो. भाषेने टिपलेले हे निरीक्षण शरीरशास्त्राशी चांगले जुळते. ताण आला की माणूस नकळत दातांवर दात दाबून धरतो. गालातील आणि कानशिलावरील चावण्याचे स्नायू त्या वेळी आवळलेले असतात. वास्तविक जेवण्या-गिळण्याचे क्षण सोडले, तर दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याचे कारण नाही. ओठ मिटलेले आणि दात सुटलेले, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. काही जण झोपेतही दात खातात. लहान मुलांच्या बाबतीत त्याचे खापर घरोघरी जंतांवर फोडले जाते. मोठ्यांच्या बाबतीत मात्र शेजारी झोपलेल्याने सांगेपर्यंत ते कळतच नाही.

जबड्याचा सांधा कानाच्या लगेच पुढे असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडले, की तो सरकताना जाणवतो. त्याच्या आत कूर्चेसारखी छोटी चकती असते. ती पुढे-मागे होताना अनेकांना आवाज येतो. आवाज आहे, परंतु वेदना नाही आणि तोंड नीट उघडते, अशी स्थिती असेल तर त्यावर उपचाराची सहसा गरज नसते. स्वतःचीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावतात का, ही घरच्या घरी करता येण्याजोगी साधी चाचणी.

मान आणि जबडा यांचे नाते याहून खोलवरचे आहे. चेहरा व जबड्याच्या संवेदना नेणारा मज्जातंतू आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या संवेदना मेंदूच्या बुंध्याशी, मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला, एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तेथून पुढे संदेश जाताना मूळ पत्ता धूसर होतो. त्यामुळे दोष मानेत आणि वेदना कानशिलात किंवा जबड्यात, असे घडू शकते, उलटही घडते. दात काढूनही न थांबलेली 'दाढदुखी' काही वेळा या वर्गातली असते. दिवसभर संगणकाकडे मान पुढे काढून बसणाऱ्याला या दोन्ही दुखण्यांची तक्रार एकाच वेळी असते, यात म्हणूनच नवल नाही.

अभ्यास काय सांगतात?

येथे एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. हाताच्या उपचारांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला 'मॅनिप्युलेशन' म्हणजे सांध्याला अल्प अंतराचा पण वेगवान झटका देणे. रुग्णाला तो मध्येच थांबवता येत नाही. दुसरा 'मोबिलायझेशन' म्हणजे सांधा सावकाश, लयीत, पुढे-मागे हलवणे. यात रुग्ण 'पुरे' म्हणू शकतो. चित्रफितींत पहिलाच दिसतो, कारण दुसऱ्याचा आवाज होत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कायरोप्रॅक्टिकच्याच एका विद्यापीठातील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१२ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन ते बारा आठवड्यांपासून मान दुखत असलेल्या २७२ जणांचे तीन गट करण्यात आले. एकाला झटक्याचे उपचार, दुसऱ्याला औषधे आणि तिसऱ्याला घरी करावयाचे व्यायाम व सल्ला. औषधांपेक्षा झटक्याच्या उपचारांनी अधिक आराम पडला, हे खरे. मात्र घरच्या व्यायामांचा गट झटक्याच्या गटाच्या जवळजवळ बरोबरीने राहिला, आणि हे व्यायाम शिकण्यासाठी त्यांना एक-एक तासाच्या दोनच भेटी पुरल्या होत्या.

ते दुखणे तुलनेने नवे होते. जुनाट मानदुखीवर याच संशोधकांच्या गटाने १९१ रुग्णांचा आधीच एक अभ्यास केला होता. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आणि दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नुसता झटका घेणाऱ्यांपेक्षा व्यायामाची जोड असलेल्या गटांचे दुखणे दीर्घकाळ अधिक कमी राहिले. झटका आणि सावकाश हालचाल यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा दोहोंचे परिणाम बहुतांशी सारखेच आढळले. म्हणजे कडकन् आवाजाने जे मिळते, ते आवाजाविनाही बरेचसे मिळू शकते. जुनाट दुखण्याने गांजलेल्या वाचकाने या सर्व अभ्यासांतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

जबड्याविषयी अधिक ताजे मार्गदर्शन उपलब्ध आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२३ च्या अखेरीस जबड्याच्या जुनाट दुखण्यावर तज्ज्ञगटाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यात ठामपणे पुरस्कार केलेले उपचार पाहिले, तर अनेकांना आश्चर्य वाटेल: वेदनेशी जुळवून घेण्याचे मानसोपचार, थेरपिस्टने सांध्याला दिलेली सावकाश हालचाल, स्नायूंतील गाठींवर हाताने दिलेला दाब, देखरेखीखालील जबड्याचे व ठेवणीचे व्यायाम आणि घरचे व्यायाम व धीर देणारा सल्ला. झटक्याच्या उपचाराला या गटाने सशर्त पसंती दिली. म्हणजे तो पहिल्या रांगेत नाही, पण वर्ज्यही नाही. रात्री दातांवर घालावयाच्या काढता येण्याजोग्या साच्याची जुनाट वेदनेसाठी शिफारस करण्याचे मात्र या गटाने टाळले. दातांची झीज रोखण्यासाठी तो दिला असेल, तर तो हेतू निराळा. दात कायमचे घासून चावा बदलू पाहणाऱ्या किंवा चकती काढणाऱ्या उपायांना घाई करू नये, हे त्यातून ओघानेच येते.

आवाज कशाचा?

बोटे मोडण्याला आपल्या भाषेत शिव्याशापांचा अर्थ आहे. शरीरशास्त्रात मात्र तो निरुपद्रवी प्रकार ठरला आहे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. दोन पृष्ठभाग एकदम ओढले गेले की दाब घटतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचे एमआरआयने चित्रण करून हे दाखवण्यात आले. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हातांत संधिवाताचा फरक दिसला नाही, असे १९९८ मध्ये कळवले. या चिकाटीबद्दल त्यांना २००९ मध्ये विनोदी 'इग नोबेल' पारितोषिकही मिळाले. मानेतील 'कडकन्' आवाज याच जातीचा. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. झटक्यानंतर मान काही काळ मोकळी वाटते हे खरे, पण एखादा मणका बाहेर होता आणि तो आत गेला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. 'तुमचा मणका पुन्हा सरकला आहे' असे दर आठवड्याला ऐकावे लागत असेल, तर ते ऐकणाऱ्याने जरा थांबावे.

दुर्मीळ, पण जिवावरचे

बोट आणि मान यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत शिरण्यापूर्वी पहिल्या मणक्याशी वळसा घेतात. या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली, तर तेथे गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. अशी चीर आपोआपही पडते. एकूण लोकसंख्येत तिचे प्रमाण वर्षाला लाखात दोन-तीन इतकेच आहे. मात्र तरुण वयातील पक्षाघाताचे ते एक प्रमुख कारण आहे.

झटक्यामुळे चीर पडते का, यावर वाद आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात या प्रकारच्या पक्षाघाताच्या ८१८ घटना तपासणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण रुग्णांनी पक्षाघातापूर्वी कायरोप्रॅक्टरला भेट दिल्याचे प्रमाण अधिक होते. पण नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही तसेच आढळले. संशोधकांनी काढलेला अर्थ असा, की चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचाराला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या सर्व पुराव्यांचा विचार करून कारण सिद्ध झाले नसले तरी संबंध दिसतो, असे म्हटले आणि झटका देण्यापूर्वी रुग्णाला ही माहिती द्यावी, असा सल्ला दिला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका ३४ वर्षीय मॉडेलचा पक्षाघाताने मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणाची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मानेवरील कायरोप्रॅक्टिक उपचाराने धमनी फाटल्याचा निष्कर्ष काढला. त्याआधी छायाचित्रणादरम्यान पडल्यामुळे तिची मान दुखत होती, हाही त्या घटनेचा भाग आहे.

रुग्णाच्या दृष्टीने या वादाचा निष्कर्ष व्यवहारी आहे. चीर झटक्याने पडो वा आधीच पडलेली असो, अशा मानेला झटका देऊ नये. पूर्वी कधी झाली नव्हती अशी, अचानक, एका बाजूची मान किंवा डोक्याची मागची बाजू दुखू लागली; जोडीला चक्कर, तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळताना अडचण, चेहरा बधिर होणे किंवा एक पापणी ओघळणे यांपैकी काही असले, तर थेट रुग्णालय गाठावे.

हा धोका केवळ कायरोप्रॅक्टरच्या टेबलावर नाही. आपल्याकडे केस कापून झाल्यावर चंपी आणि चंपीनंतर मान दोन्ही बाजूंना कडाकडा मोडणे, हा अनेक सलूनमधील रिवाज आहे. त्याचे पैसेही वेगळे पडत नाहीत. २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथे सलूनमध्ये मान मोडून घेतल्यानंतर एका तिशीतील तरुणाला पक्षाघात झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. खुर्चीत बसतानाच 'मान नको' असे सांगितले, तर कोणताही कारागीर त्यावर नाराज होत नाही.

आपल्याकडे कोणाला विचारायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाचे व सुरक्षिततेचे मार्गदर्शक निकष प्रसिद्ध केले. पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४२०० तास आणि त्यात देखरेखीखाली रुग्ण हाताळण्याचे किमान एक हजार तास, असा त्यातील दंडक आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र कायदा वा नोंदणी परिषद नाही. त्यामुळे परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला, मॅनिप्युलेशनचे रीतसर शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट आणि शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम केलेला मालिशवाला, असे तिघेही एकच पाटी लावू शकतात. नावामागे 'डॉक्टर' लिहिलेले असले, तरी ते 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' आहे की एमबीबीएस, हे विचारण्यात संकोच नसावा. फिजिओथेरपीला मात्र कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने त्यासाठी परिषद स्थापन झाली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही या व्यवसायाला आपल्या कक्षेत घेतले. तक्रार करायची वेळ आली, तर दाद मागण्यासाठी दार असणे ही छोटी गोष्ट नव्हे.

झटक्याआधी निदान अपरिहार्य आहे आणि आपल्याकडे ते अधिकच. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. रात्री वाढणारी मानदुखी, संध्याकाळी ताप, घटणारे वजन अशी लक्षणे असताना मान पिळणे म्हणजे पोखरलेल्या भिंतीला धक्का देणे. संधिवातसदृश आमवात असलेल्यांमध्ये पहिल्या दोन मणक्यांतील बंध सैल होऊ शकतात. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, अपघातानंतर मान दुखत असलेल्यांनी, हातापायांत बळ कमी झाल्याचे किंवा चालताना अडखळत असल्याचे जाणवणाऱ्यांनी झटका टाळावा. जबड्याच्या बाबतीतही तसेच. चालताना, जिना चढताना जबडा दुखला तर हृदयविकाराचा विचार आधी करावा लागतो. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून दुखू लागला आणि कानशील हुळहुळते झाले, तर धमनीचा दाह असू शकतो. उपचारास उशीर झाल्यास त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. विजेच्या झटक्यासारखी कळ गालात येत असेल, तर ते मज्जातंतूचे दुखणे आणि त्याची औषधे वेगळी.

यांपैकी काही नाही, अशी डॉक्टरांकडून खात्री झाल्यावर हाताचे उपचार जरूर घ्यावेत. पहिल्या भेटीत उपचार करणारा किती वेळ प्रश्न विचारतो, हे पाहावे. 'मला मानेला झटका नको, सावकाश हालचाल चालेल' असे स्पष्ट सांगावे. जाणकाराला त्याची अडचण वाटत नाही. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस भेटींचे आगाऊ पैसे मागितले गेले, तर ते देण्याची घाई करू नये. चार-सहा आठवड्यांत फरक दिसला नाही, तर मार्ग बदलावा. आणि घरी देण्याचे व्यायाम मागून घ्यावेत: हनुवटी आत ओढून मान सरळ करणे, खांद्यांची पाती मागे जोडणे, जीभ टाळूला टेकवून तोंड सरळ रेषेत उघडणे. दुखरा काळ असेपर्यंत चिवट पदार्थ, च्युइंगम आणि उसाचे कांडे सोलणे टाळावे, गालाला व मानेला गरम शेक द्यावा. संगणकाच्या कडेला 'दात सुटे ठेवा' अशी एक चिठ्ठी चिकटवली, तर दिवसातून किती वेळा दातांवर दात दाबले जातात, हे पहिल्याच दुपारी लक्षात येते.